दोन सह्यांची चादर

मंगळवार, ४ फेब्रुवारी

साडूभाऊ,

वर 'प्रिय' लिहिलं असतं तर तुम्ही पाकीट उलटं करून पत्ता पुन्हा वाचला असता. 'आदरणीय' लिहिलं असतं तर ताईला म्हणाला असता, "बघ, काहीतरी काम काढलंय." काम काढलंच आहे, म्हणून ते टाळलं. नुसतं साडूभाऊ बरं. हे नातं आपण निवडलेलं नाही, आणि तोडायचं म्हटलं तरी कात्री आपल्याकडे नाही. ती दोन बहिणींकडे आहे. त्या रोज सकाळी नवऱ्यांच्या पुढ्यात चहाचे कप आदळून फोनवर बसतात, त्या आपल्या दोघांची यथेच्छ धुलाई झाल्याशिवाय उठत नाहीत.

तीन वर्षं आपण बोललो नाही. या तीन वर्षांत तुमचा रक्तदाब, तुमचा नवा चष्मा, मुलीच्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला तुम्ही दिलेला दम, सगळं मला पोचलं. माझंही तुम्हाला पोचलं असणार. म्हणजे अबोला धरला तो तोंडांनी. कानांनी तो एक दिवसही पाळला नाही.

तर काम. पेटंट कार्यालयाचं पत्र आलंय, आपल्या दोघांच्या नावाने. कायदा सुधारायचा आहे आणि फी वाढवायची आहे, त्यावर 'जनतेकडून सूचना व हरकती' मागवल्या आहेत. जनता म्हणजे आपण. वाचून मला ताठ बसावंसं वाटलं, पण ते सोडा. मसुद्यातले बरेच प्रश्न कंपन्यांच्या वकिलांनी एकमेकांना घातलेल्या कोड्यांसारखे आहेत. दोन मात्र थेट आपल्या घरातले आहेत.

पहिला फीचा. पेटंट जितकं म्हातारं तितकी त्याची वार्षिक फी जास्त, हे आहेच, माणसाच्या औषधांसारखं. आता ती आणखी वाढणार आणि छोट्यांची सवलत जाणार. दरवर्षी जूनअखेर आपली फी जाते, एक वर्ष मी, एक वर्ष तुम्ही. भांडण झाल्यावरही तुम्ही पाळी चुकवली नाहीत, हे मी पाहिलंय. यंदा पाळी तुमची. न भरली तर अंथरुणावरच्या माणसाची कूस बदलणारी आपली चादर कुणाचीच राहणार नाही, म्हणजे कुणीही उठावं आणि कशीही बनवावी.

दुसरा प्रश्न अकरावा. पेटंट दोघांचं असेल तर ते कंपनीला वापरायला देताना दोघांच्या सह्या लागतात. (फी भरताना एकाची चालते. पैसे घेताना सरकार फार चौकशी करत नाही.) प्रश्न असा आहे की ही दुसऱ्या सहीची अट काढून टाकावी का?

मी लिहून पाठवलं, की काढावी. तेही सविस्तर, उदाहरणासह. उदाहरण तुम्ही आहात. नाव घातलेलं नाही, 'एक निवृत्त लिफ्ट-दुरुस्तीकार' इतकंच म्हटलंय.

हे तुम्हाला कळवतोय कारण दवाखान्याचे पलंग बनवणाऱ्या कंपनीचा तो माणूस पुन्हा येऊन गेला. तोच, ज्याच्या बुटांचा आवाज होत नाही. अजून त्यांना चादर हवी आहे, अजून अट तीच आहे: आवाज नको. कायदा बदलला तर माझ्या एकट्याच्या सहीवर काम होईल. तुम्हाला अंधारात ठेवून करायचं नव्हतं, म्हणून आधी दिवा लावतोय.

आपलं बिनसलं त्या दिवशी काय झालं ते आपल्या दोघांना वेगवेगळं आठवत असणार, म्हणून माझं लिहून ठेवतो. तुम्ही म्हणालात, चादरीच्या दांड्याला बसवलेल्या खिट्टीचा कट-कट आवाज काढला तर सही नाही. मी म्हणालो, आवाज म्हणजे बिघाड. तुम्ही म्हणालात, "माणसाला हलवणारं यंत्र आधी आवाज देतं, हे लिफ्टमधलं शेंबडं पोरही सांगेल." मी म्हणालो, "जन्मभर घंट्या बसवल्यात, आता आमच्या कानांतही बसवा." तुम्ही चहा अर्धा टाकून उठलात. ताई तुमच्या मागे, आमची ही ताईच्या मागे, आणि मी अर्ध्या कपाकडे बघत.

कप तसाच आहे म्हणणार होतो, पण खोटं कशाला बोलू, धुतला.

अक्षर तिरकं आलंय. टेबल हलतंय, त्याला नाइलाज आहे.

तुमचा,
गादीवाला

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

साडूभाऊ,

तुमचं उत्तर मिळालं. पत्राने नव्हे. ताईने हिला सांगितलं, "ह्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि 'हं' म्हणाले."

मी हिला विचारलं, "कसलं हं? लांब की आखूड?"

"मला काय माहीत. ताई म्हणाली हं."

"फोन लाव आणि विचार."

"अहो, ती भांडी आवरत असेल."

"मग आवरताना सांगेल. तुम्ही दोघी याहून फालतू गोष्टी बोलता."

लावला. ताई म्हणाली, मध्यम होता. मी तेवढ्यावर चार दिवस काढले आणि शेवटी ठरवलं की मध्यम 'हं' म्हणजे राग आहे पण चष्मा लावून पुन्हा वाचावंसं वाटलं. चूक असेल तर कळवा. लांबीसह.

आता टेबलाबद्दल. टेबल हलत नव्हतं. मी आडवा होतो आणि अजून आहे. जानेवारीच्या अखेरीस दुकानात एका वकिलाचा तिघांच्या बैठकीचा सोफा उचलायला गेलो. कामगार म्हणाला, "मालक, राहू द्या." मालक म्हटल्यावर माणसाला राहवत नाही. उचलला. सोफा वर आला, मी तिथेच राहिलो. डॉक्टर म्हणाले मणका सरकलाय, सहा आठवडे पाठीवर. कूस बदलायची तीही दुसऱ्याने, हळूहळू, वाकडं न होता.

हिला बजावलं होतं, ताईला सांगू नकोस. बजावलं तेव्हा फोन हिच्या कानालाच होता. म्हणजे तुम्हाला माझ्याआधी माहीत होतं आणि तरी तुम्ही 'टेबल हलतंय' वाचून नुसतं 'हं' म्हणालात. मोठं मन आहे तुमचं, अधूनमधून.

योगायोग बघा. माझ्या आजारपणाची बातमी कंपनीच्या माणसाला लागली आणि त्याने नमुना पाठवून दिला. आपलीच चादर, त्यांनी बनवलेली. तुम्ही पाहिली नाहीत म्हणून सांगतो. कॅनव्हास माझ्यापेक्षा चांगला शिवलाय, हे मान्य करताना मला त्रास झाला. पलंगाच्या कडेला तुमच्या लोखंडी नळीऐवजी हलकी नळी. दांडा फिरवला की चादरीची एक कड गुंडाळली जाते, ती बाजू उचलली जाते आणि माणूस आपोआप कुशीवर जातो, सगळं तेच. फक्त दातेरी चाकावर पडणारी तुमची खिट्टी नाही. तिच्या जागी प्लास्टिकचं काहीतरी आहे ते धरून ठेवतं, घसरत नाही, आणि चकार शब्द काढत नाही.

साडूभाऊ, मी तीस वर्षं सोफ्यांची कुरकुर मारतोय. गिऱ्हाईक बसलं आणि खालून 'कुईं' आलं, की माझी मान खाली. बसणाऱ्याला आपण कशावर बसलोय याचा विसर पडला पाहिजे, हा माझा धंदा. ही चादर बघून मला वाटलं, हेच तर मी म्हणत होतो! ही एका हाताने दांडा फिरवते, दुसऱ्या हातात फोन असतो, आणि मी लोण्यासारखा वळतो.

एकदा जरा दचकायला झालं. विशेष काही नाही.

हरकतींची मुदत संपली आहे. आता तीस दिवसांनंतर जनसुनावणी. मला तिथे बोलवलंय, कारण माझं निवेदन 'अनुभवाधारित' आहे म्हणे. अनुभव म्हणजे तुम्ही.

तुमचा (आडवा),
गादीवाला

बुधवार, ५ मार्च

साडूभाऊ,

ताई हसली का? खरं सांगा. हिने तिला सगळं सांगितलंय आणि फोनवर पलीकडून बराच वेळ नुसता आवाज येत होता. हसण्याचा होता की खोकल्याचा, मला ऐकू दिलं नाही. तुम्ही हसला असाल तर हरकत नाही. तीन वर्षांचं साठलेलं असेल.

तरी माझ्या तोंडून ऐका.

दुपारची वेळ. जेवण झालेलं, पंखा चालू, मला गाढ झोप लागलेली. हिला वाटलं कूस बदलायची वेळ झाली, झोपलेत तर झोपू देत, उठवायचं कशाला, आता तर आवाजही होत नाही. प्रेमानेच. तिने दांडा फिरवला.

मला स्वप्नातून काय कळलं, तर जमीन सरकतेय. पाठीखालचं सगळं एका बाजूने वर उठतंय आणि मी कड्यावरून जातोय. धरायला काही नाही. मी जी बोंब ठोकली, ती ऐकून खालच्या मजल्यावरचे शिंपी वर धावत आले. त्या गडबडीत माझा हात लागून हिचा चष्मा उडाला आणि पाण्याच्या तांब्यात पडला. शिंप्यांनी तो काढला, पुसला, आणि जाताना म्हणाले, "दादा, तुम्ही बनवलेली तीच का ही चादर?" आवाजात इतका आदर होता, की मला भिंतीकडे तोंड करावंसं वाटलं. तेही मला आपलं आपण करता येत नव्हतं.

त्यानंतर ही बोलून फिरवायला लागली. "बघा हं, फिरवते." पण दिवसातून इतक्या वेळा कोण बोलणार? तिला कंटाळा येतो, कधी तोंडात पिना असतात, कधी ती रागावलेली असते. आणि एक गोष्ट मला कळली, जी मी कुणाला सांगितली नाही. हिने 'बघा हं' म्हटलं, तरी ते कधी होणार हे कळत नाही. आता? आता? सगळं अंग आखडून वाट बघतं. झोप येत नाही. दार वाजेल म्हणून जागं राहावं तसं. शेवटी मी झोपायचंच सोडलं.

तिसऱ्या दिवशी ही माळ्यावर चढली. मी विचारलं काय काढतेस? म्हणाली गप्प पडा. तुम्ही टाकून गेलेला जुना नळी-दांडा काढला, खाली आणून कंपनीच्या चादरीला बसवला. गंज घासून काढला, माझ्या दुकानातलं तेल घातलं. मग दांडा धरला.

कट.

एक दात. मला कळलं, निघालं. हात आपोआप कठड्याला गेला.

कट. कट. प्रत्येक दाताला थोडं थोडं वर. किती गेलो, किती राहिलं, सगळं कानांना कळत होतं. सातव्या-आठव्याला डोळे मिटले. कुशीवर पोचलो तेव्हा मी झोपलेला होतो. ही सांगते, घोरत होतो.

आणि उठल्यावर, साडूभाऊ, मला सासूबाई आठवल्या.

शेवटच्या वर्षात त्यांना दिसणं जवळजवळ बंद झालं होतं. आपण ही चादर त्यांच्याच खोलीत बनवली, त्यांच्याच पलंगावर. मी जमिनीवर दाभण घेऊन, तुम्ही कानस घेऊन, आणि त्या वरून दोघांना सूचना करत. पेटंटच्या अर्जात मी नाव दिलं, 'शयनस्थ व्यक्तीची एकाच साहाय्यकाने कूस बदलण्याचे साधन'. त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "म्हणजे माझी चादर. मग तसं लिही ना, लाज कसली?" पहिली कट झाली की त्या आधी पदर सारखा करायच्या. मग कठडा धरायच्या. मग तोंड वर करून तुम्हाला विचारायच्या, "काय हो जावईबापू, कितवा मजला?" आणि तुम्ही खिट्टी मोजत अगदी गंभीरपणे सांगायचात, "दुसरा. सांभाळून, तिसऱ्याला उतरायचंय."

मला तेव्हा वाटायचं, तुम्ही त्यांची करमणूक करताय. मी तर म्हणायचो, ते चाक जरा तेल पाजून गप्प करा, आईंना त्रास होतो. त्यांना त्रास होत नव्हता. डोळ्यांनी दिसत नसलेल्या बाईला आपल्याला कोण कुठे नेतंय हे कळत होतं. पदर सावरायला वेळ मिळत होता.

हे तुम्ही तेव्हा असं सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? तुम्ही सांगितलंत काय, तर लिफ्टमधलं शेंबडं पोर. तुमचं बोलणं म्हणजे दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट. आत माणूस बरोबर असतो, पण बाहेर येत नाही.

आता पंचाईत अशी, की माझं निवेदन दाखल झालंय. मागे घेता येतं का म्हणून कार्यालयात फोन केला. बाई म्हणाल्या, "सूचना असेल तर पुरवणी देता येते, हरकत असेल तर मुदत संपली."

"माझीच माझ्यावर हरकत आहे."

"असा रकाना नाही, साहेब. सुनावणीला येऊन बोला."

तेव्हा जाणार. डॉक्टर पट्टा बांधून जाऊ देतील. ही बरोबर येणार आहे, मी काही उचलू नये म्हणून.

तुमचा,
गादीवाला

रविवार, ३० मार्च

साडूभाऊ,

जाऊन आलो. तुम्हाला सगळं सांगायला हवं, कारण त्यात तुमचाही पंचनामा झाला.

सभागृह थंडगार. खुर्च्या अशा, की त्या पाहून माझ्यातला गादीवाला रडला. फोम मेलेला, कापड ताणून टाचलेलं. पुढच्या दोन रांगा कंपन्यांच्या वकिलांनी भरलेल्या. त्यांच्या मागे आपल्यासारखी जनता: एक बाई जिने भाजी चिरताना बोट वाचवणारी अंगठी शोधून काढली आहे, एक निवृत्त प्राध्यापक ज्यांचं भाषण संपतच नव्हतं, आणि पाण्यावर चालणारी मोटार शोधलेले एक गृहस्थ. हे गृहस्थ प्रत्येक सुनावणीला येतात म्हणे. अध्यक्षांनी त्यांना नावाने ओळखून विचारलं, "या वेळी चालत आलात की मोटारीने?" "बसने," ते म्हणाले. "तिची फी परवडली नाही."

फीवर मात्र सगळी जनता एका सुरात होती. अंगठीवाली बाई म्हणाली, "सवलत काढलीत तर माझं बोट कापलेलं बरं, निदान औषधाला कमी लागेल." टाळ्या. वकिलांनीही वाजवल्या, त्यांचं काही जात नव्हतं.

मग माझा नंबर. माइक खाली होता, मला पट्ट्यामुळे वाकता येईना. एक शिपाई माइक धरून उभा राहिला.

अध्यक्ष कागद बघून म्हणाले, "आपण अकराव्या प्रश्नावर, दुसऱ्या धारकाच्या संमतीची अट काढावी, असं लिहिलंय."

"हो. ती ठेवावी असं सांगायला आलोय."

"मत बदललं?"

"कूस बदलली."

हसले लोक. मी ते ठरवून म्हटलं नव्हतं, पण हसले म्हणून जरा बळ आलं. चादर काय, खिट्टी काय, दुपारची बोंब काय, सगळं सांगितलं. चष्मा तांब्यात पडला तेही. ही मागे बसून डोक्याला हात लावत होती. मग म्हणालो, "ही अट नसती तर मी तीन वर्षांपूर्वीच एकट्याने सही केली असती. मला खात्री होती ना मी बरोबर आहे! ज्यांना दिसत नाही, बोलता येत नाही अशा कितीतरी माणसांना आज कुणीतरी गुपचूप उलटं केलं असतं आणि ती बोंबही मारू शकली नसती. माझ्या साडूंनी सही अडवली म्हणून ते टळलं. दुसरी सही म्हणजे लिफ्टचा ब्रेक आहे. रोज लागत नाही म्हणून काढत नाहीत."

शेवटचं वाक्य तुमचं वाटेल असं केलं होतं. आवडलं का?

मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात कंपन्यांच्या बाजूची एक वकील मुलगी उठली. तिशीची असेल, आवाज अगदी मऊ.

"काका, या तीन वर्षांत ही चादर किती रुग्णांना मिळाली?"

"एकालाही नाही."

"आवाजासकट सुद्धा नाही?"

"नाही."

"का?"

"आम्ही दोघं बोलत नव्हतो."

"धन्यवाद," म्हणाली आणि बसली.

साडूभाऊ, मी जन्मभर दाभण चालवतोय, पण इतक्या सफाईने घातलेलं पाहिलं नव्हतं. रक्तही आलं नाही.

तिचं बरोबर आहे हो. आपण दोघं आपापल्या जागी शहाणे. तुमच्यामुळे वाईट चादर थांबली, आणि आपल्या दोघांमुळे चांगलीही. त्या तीन वर्षांत आपल्याच ओळखीत किती माणसं अंथरुणाला खिळली! खालच्या शिंप्यांची आई. तुमचा तो जुना जोडीदार, ज्याच्याबरोबर तुम्ही लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचात. त्याच्या बायकोची पाठ गेली त्याला उलटंपालटं करताना, हे ताईनेच सांगितलं. आणि चादर माझ्या माळ्यावर.

मी माइकसमोर उभाच. शिपायाचा हात दुखायला लागला असावा. मग जे सुचलं ते बोललो. म्हणालो, "साहेब, अट ठेवा, पण तिला मुदत घाला. एकाने सही अडवली, तर सहा महिन्यांत दोघांनी समोरासमोर बसून कारण सांगायचं. पत्राने नाही, वकिलाने नाही, बायकांमार्फत तर अजिबात नाही. जो बसणार नाही त्याची संमती आहे असं धरावं."

अध्यक्ष म्हणाले, "समोरासमोर बसवण्याची व्यवस्था कार्यालय कशी करणार?"

"चहाचं मी बघतो."

त्यांनी लिहून घेतलं. खरंच घेतलं, मी पाहिलं. वकील मुलीनेही काहीतरी लिहिलं. निर्णय कधी? 'विचाराधीन'. म्हणजे आपल्या नातवंडांना कळेल.

पण मी कायद्याची वाट बघायला बसणार नाही. बाहेर पडताना कंपनीचा माणूस भेटला, नेहमीप्रमाणे न वाजता शेजारी येऊन उभा राहिला. मी त्याला म्हटलं, आवाज हवा. तो म्हणाला, "तुमचं ऐकलं. आमच्या साहेबांनाही पटवीन. पण लोखंड चालणार नाही, चादर रोज उकळत्या पाण्यात जाते, गंजेल. आणि तुमच्यासारखा कट-कट आवाज वॉर्डात नको. एका खोलीत वीस खाटा असतात, एकाला फिरवलं तर एकोणीस उठतील. ज्याला फिरवताय त्याला ऐकू येईल, शेजारच्याला नाही, असा द्या. कराल?"

मला जमणार नाही. मी आवाज मारणारा माणूस, आणायचा कसा मला काय माहीत. ते काम एकाच माणसाचं आहे. त्याने वेगवेगळ्या लिफ्टच्या घंट्या अशा लावल्या होत्या, की लोक डोळे मिटून आपली इमारत ओळखायचे.

कंपनीची प्लास्टिकची खिट्टी वेगळ्या पाकिटात पाठवतोय. तिला बोलायला शिकवा. सहा महिने आजपासून मोजतोय.

तुमचा,
गादीवाला

सोमवार, १६ जून

साडूभाऊ,

हे पत्र बसून लिहितोय. अक्षरावरून कळेलच.

पार्सल गेल्या आठवड्यात मिळालं. मुलांच्या बुटांचं खोकं, आत वर्तमानपत्राचे बोळे, बोळ्यांत खिट्टी. चिठ्ठी नाही. मी बोळे उलगडून उलगडून बघितले, कुठे काही खरडलंय का. एका कोपऱ्यात पेन्सिलीने गुणाकार सापडला, तोही बहुधा दुधाचा. खोक्यावर पत्ता मात्र तुमच्या हातचा, आणि माझ्या आडनावापुढे 'साडूभाऊ' लिहिलंय. पोस्टमन विचारत होता हे कसलं आडनाव.

आजच फीही भरल्याचं कार्यालयाकडून कळलं. वाढ लागू व्हायच्या आत. तुम्ही पाळी चुकवणार नाही हे माहीत होतं, तरी मी सकाळपासून तीनदा फोन बघितला हे आमची ही ताईला सांगणारच आहे, म्हणून आधी मीच सांगतो.

पार्सल आलं त्याच संध्याकाळी खिट्टी बसवली होती. डॉक्टरांनी मला उठवून तीन महिने झाले, तरी मुद्दाम आडवा झालो. ही म्हणाली, "बरे आहात ना? मग ही नाटकं कशाला?"

"तपासायला नको?"

"मी झोपते, तुम्ही फिरवा."

"मला वजन उचलायचं नाही."

असं बोलून मी मार खाता खाता वाचलो. मग तिने दांडा धरला.

मी आधी काही ऐकलंच नाही. वाटलं, फसलं. आणि मग उशीतून आला. हवेतून नाही, उशीतून, पाठीखालून. टुक. कुणी लाकडाच्या फळीवर बोटाचं टोक टेकवावं तसा. टुक. पुढच्या दाताला जरा वरचा. टुक. त्यापुढचा आणखी वर. दाताबरोबर आवाज चढतोय हे तिसऱ्याला माझ्या लक्षात आलं. किती वर आलो ते न मोजता कळतंय! ही शेजारी उभी राहून विचारत होती, "वाजतंय का? मला तर काहीच ऐकू येत नाही." वीस खाटांच्या खोलीत एकोणीस झोपून राहतील, साडूभाऊ.

कसं केलंत ते मला कळलं नाही, आणि तुम्ही सांगितलंत तरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकाल, म्हणून विचारत नाही. कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी आला, आडवा झाला, ऐकलं. पुन्हा फिरवायला लावलं. पुन्हा. त्याचे बूट पलंगाखाली होते. उठल्यावर बराच वेळ घातलेच नाहीत त्याने.

करार तयार आहे. खाली दोन जागा आहेत. मी खालच्या जागी सही केली आहे, वरची तुमची. हा कागद मी पोस्टाने पाठवणार नाही. सहा महिन्यांची मुदत मी सरकारला सांगितली आहे, ती आधी मला पाळायला हवी. ताई हिला म्हणाली, "ह्यांना दोन दिवस झाले, बॅग काढतात आणि परत ठेवतात." काढलेली राहू दे आता. रात्रीची गाडी सकाळी इथे पोचते. चहा पूर्ण प्यावा लागेल, एवढी एकच अट.

एक सांगायचं राहिलं. कुशीवर पोचलो तेव्हा ही वाकून बघत होती, झोपलो की काय म्हणून. मी झोपलो नव्हतो. डोळे मिटून होतो आणि हात कठड्याला होता. मी विचारलं, "काय गं, कितवा मजला?"

 पदराने चष्मा पुसत ती म्हणाली, "मला काय विचारता? ज्यांचं खातं आहे त्यांना विचारा."

म्हणून विचारतोय. साडूभाऊ, कितवा मजला आला?

तुमचा,
गादीवाला